फॉर्मवर सही कर गं

प्रिय मनू,

गाडी सुटेपर्यंत तू खिडकीतून बघितलंसुद्धा नाहीस. पोचल्यावर फोन केलास, तोही बाबांना. असू दे. भांडायला लिहीत नाहीये.

टीयूईचा, म्हणजे बंदी असलेलं औषध आजारासाठी घ्यायच्या परवानगीचा फॉर्म बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, मीच ठेवलाय. तुझं एकच, फॉर्म भरला की सगळ्यांना कळणार आणि मुली म्हणणार ही डोप घेऊन पोहते. अगं, इन्सुलिन बंदीच्या यादीत आहे म्हणून तर फॉर्म आहे ना! स्पर्धा असो नसो, कायम बंदी, कारण चांगली धडधाकट माणसं स्नायू कमवायला ते टोचून घेतात. आणि तू नाही घेतलंस तर... जाऊ दे, ते लिहीत नाही. नाडाची, म्हणजे आपल्याकडं खेळाडूंचं डोपिंग तपासणाऱ्या संस्थेची, डॉक्टरांची कमिटी असते, ती एवढंच बघते की आजार खरा आहे का, दुसरं औषध चालेल का, आणि या औषधानं तब्येत जागेवर येण्यापलीकडं काही जास्तीचा फायदा होतो का. टाइप वन डायबेटिसला दुसरं औषध आहेच कुठं? तुझे कागद त्यांनी कुणाला दाखवायचे नसतात, कोचच्या ग्रुपवर काही येत नाही. फक्त स्पर्धेच्या निदान 30 दिवस आधी जायला हवा.

खरं सांगू, मला फॉर्मची काळजी नाहीये. डोप टेस्टचं सॅम्पल घेतील या भीतीनं तू रात्रीचं इंजेक्शन सोडशील याची आहे. नगरला काय झालं होतं ते आठवतंय ना? मी विषय काढणार नव्हते.

चौथीत होतीस, तांबेच्या तांबे पाणी प्यायचीस, आजी म्हणायची ऊन लागलंय, आणि बाथरूममध्ये मुंग्यांची रांग. हॉस्पिटलमधून आलो तर बाबांचा हात थरथरायचा, सुई पोटाजवळ नेऊन परत मागं. तू म्हणालीस, द्या इकडं. आणि स्वतःच टोचून घेतलंस, वर त्यांनाच विचारलंस, चहा करू का? तेवढी होतीस गं. अजून कुणी घरी आलं की बाबा हेच सांगतात, मेडल नंतर दाखवतात.

गॅरी हॉल ज्युनिअर नावाचा अमेरिकन पोहणारा आहे, बाबांनी शोधून काढलाय. 1999 मध्ये त्याला टाइप वन निघाला, 2000 ला सिडनीत 50 मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड आणि 2004 ला अथेन्समध्ये परत. इन्सुलिन घेऊन. लपवून नाही.

आणि खोकला झाला तर मेडिकलमधून स्वतःच्या मनानं बाटली आणू नकोस. आपल्या पृथ्वी शॉचं बघितलंस ना, 2019 मध्ये कफ सिरपमधल्या टर्ब्युटालिन या बंदीच्या औषधापायी आठ महिन्यांची बंदी आली. तो म्हणाला नकळत घेतलं, पण नकळत चालत नाही तिथं, शरीरात सापडलं की जबाबदारी आपली. सॅम्पल देताना मागच्या सात दिवसांतली औषधं विचारतात, तेव्हा लाजू नकोस, इन्सुलिन पहिलं लिही.

झालं बघ लेक्चर सुरू. सॉरी. दादा म्हणतो तुझ्या मेसेजला इंडेक्स पाहिजे.

दंडावरच्या शुगरच्या सेन्सरकडं मुली बघतात म्हणालीस. बघू देत. पण पाण्यातून निघाल्यावर बोटातून शुगर चेक करणार असशील तर हात धुऊन कोरडे करून कर, मागं खजुराच्या चिकट बोटानं दोनशे ऐंशी आली होती आणि तू डोस वाढवणार होतीस! चटईखालच्या डब्यात ग्लुकोज आहे, अर्धं रूममेटकडं देऊन ठेव. तिला सांग मात्र. एकीला तरी सांग.

सोमवारी बाबा डॉक्टरांकडं जाऊन त्यांच्या भागावर सही आणि जुने रिपोर्ट घेणार आहेत, त्याआधी तुझ्या भागावर सही करून फोटो टाक. माझ्याशी बोलायचं नसेल तर बाबांना टाक. आणि काल रात्री घेतलंस का, तेवढं मला कळव.

आई

ता.क. आजीला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.