कुऱ्हाडीची गोष्ट

राय, सासष्टी
७ जानेवारी २०२५

प्रिय वामन,

तुझे दिवाळीचे पत्र आले त्याला आज उत्तर. कारणे देत नाही, तू ती मानणारही नाहीस. साखर आहे तशीच आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता तुझे अक्षरसुद्धा लागते, म्हणजे डॉक्टर हुशार म्हणायचा. रोझी बरी आहे.

परवा रविवारी सायबाचे, आपल्या सेंट फ्रान्सिस झेवियरचे, शव परत बॉं जेझू चर्चमध्ये नेले. पुढचे दर्शन दहा वर्षांनी, तेव्हा मी पंच्याऐंशीचा. म्हणून डिसेंबरात मुद्दाम जाऊन आलो. से कॅथेड्रलच्या रांगेत माझ्यापुढे सत्तरीची एक म्हातारी होती, केसांत अबोलीचा वळेसर. म्हणाली, नातवाच्या नोकरीसाठी घरी देवीला सांगून झाले, आता सायबाला सांगते. तिचे सांगणे मिनिटात उरकले. माझी पाळी आली तेव्हा मला काहीच मागता येईना. मागून स्वयंसेवक 'चलात, चलात' करत होता. तीन तास उभा राहिलेला माणूस तीन सेकंदांत बाहेर.

मागता का आले नाही ते मला ठाऊक आहे, आणि ते फक्त तुलाच सांगण्यासारखे आहे. पाद्रीला सांगून झाले, उपयोग झाला नाही.

ऑक्टोबरात एकाने सायबाच्या शवाची डीएनए चाचणी करा म्हणून जाहीर मागणी केली आणि मडगावात लोक रस्त्यावर बसले, ते तू पेपरात वाचलेच असशील. मीही गेलो होतो. हातात तेर्साची जपमाळ आणि बूड डांबरावर. हसू नकोस. खोटे का सांगू, बरे वाटत होते. तुझा तो जुना मुद्दा मी विसरलेलो नाही. सायबानेच १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन, ते धर्मचौकशीचे न्यायालय, मागितले, हे तू माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीवर काढलेस. तुझे खरे होते, मीही नंतर वाचले. ते इन्क्विझिशन इथे १५६० ला आले, तोवर सायबाला जाऊन आठ वर्षे झाली होती. पण डुकराचे सोरपोतेल वाढत असताना काढायची का ती गोष्ट? असो. आपल्या माणसाला आपण बोल लावू, बाहेरच्याने लावला की अंगाची आग होते. आग झाली म्हणून गेलो.

दुपारी एक मुलगा स्कूटर घेऊन आला. मागे त्याची आई, मांडीवर एक्स-रेचे मोठे पाकीट. म्हणाला, 'काका, आम्हाला तेवढे जाऊ द्या.' मराठीत बोलला, म्हणून मीही मराठीत उत्तर दिले: 'आज इथून कोणीही जाणार नाही.' मास्तरांनी ऐकले असते तर उच्चारांना पैकीच्या पैकी गुण दिले असते. मुलाने वाद घातला नाही, स्कूटर वळवली. ऊन लागत होते म्हणून बाईने ते पाकीट डोक्यावर धरले. तशीच धरून गेली.

नाताळापूर्वीच्या आगमनकाळात कुमसाराला, पापांची कबुली देताना, हे सांगितले. पाद्री तरुण आहे, भला आहे. म्हणाला, शांततेने बसलात, त्यात पाप कसले? प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमान मोरये' म्हणायला दिले. फार स्वस्तात सुटलो, वामन. घरी येऊन लूकचा दहावा अध्याय काढला. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तू माझ्याआधी पाठ केली होतीस, मास्तरांची छडी चुकवायला. तो याजक आणि तो लेवी, लुटलेल्या माणसाला बघून रस्त्याच्या पलीकडून निघून गेले. लहानपणापासून त्यांना शिव्या देत आलो. आता वाटते, ते निदान निघून तरी गेले. वाट अडवून कोणी बसले नव्हते.

आता मुख्य गोष्ट. तीन पाने झाली तरी टाळतो आहे.

डिसेंबर १९८६, राजभाषेचे आंदोलन. तू मराठीवाला, मी कोंकणीवाला, आपले बोलणे बंद. तुझ्या आईला झटका आला आणि फोंड्याहून मडगावला आणताना बोरीचा पूल ओलांडल्यावर रायला रस्त्यात झाड आडवे. गाडी माघारी, मग कुठून कुठून फिरून तीन तास. वर्षभराने आपण बोलू लागलो तेव्हा तू एवढेच विचारलेस, 'तू त्या दिवशी कुठे होतास?' मी म्हणालो, लोटलीला, सासऱ्यांकडे. तू पुन्हा कधी विचारले नाहीस.

मी लोटलीला नव्हतो. झाड पाडले ती कुऱ्हाड आमच्या घरची. सकाळी मी स्वतः दिली आणि दोन घाव घातलेही. तुमची गाडी आली तेव्हा मी जेवायला घरी गेलो होतो. रोझीने त्या दिवशी बांगड्याची कढी केली होती, तेही आठवते.

हाकेच्या अंतरावर राशोल. तिथेच १६१६ साली स्टीफन्स पाद्रीचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, इंग्रज माणसाने मराठीत रचलेले. 'भासांमाजी चोखळा भासा मराठी' हे मास्तरांनी तुझ्याइतकेच माझ्याकडूनही घोकून घेतले होते. पोदेराचा, पाववाल्याचा, मुलगा मराठी शाळेत का, म्हणून चर्चचा वीगार पायला, माझ्या बापाला, जाब विचारायला आला होता, तेव्हा पायने मला समोर उभे करून हीच ओवी म्हणायला लावली. आणि गंमत बघ, एवढी झाडे पाडून १९८७ चा राजभाषेचा कायदा आला त्यात कोंकणी म्हणजे देवनागरीतली. आम्ही चर्चमध्ये मीसाला वाचतो ती रोमी लिपी नाहीच. तू त्यावर हसला असशील. मीही हसलो, पण बऱ्याच वर्षांनी.

आईचा उजवा हात शेवटपर्यंत उठला नाही. डाव्या हाताने ती मला पातोळ्या वाढायची, हळदीचे पान स्वतः सोलून. मी खायचो. दहा वर्षे खाल्ल्या.

मंजूच्या मुलाला पुण्यात प्रवेश मिळाला, वाचून आनंद झाला. तुझ्या गुडघ्याचे काय ठरले? करून घे, घाबरू नकोस. माधवला नमस्कार सांग, त्याचे पुस्तक माझ्याकडेच आहे.

कुऱ्हाड अजून मागच्या पडवीत आहे, दांडा दोनदा बदलला. शिव्या घालायच्या असतील तर पत्रातच घाल. फोन रोझी उचलते आणि मी लोटलीला होतो असेच तिनेही आजवर सगळ्यांना सांगितले आहे.

तुझा,
इनास