दप्तराआधी कंपन्यांना विचारा

मा. शिक्षणमंत्री, गुजरात राज्य, गांधीनगर यांस
सादर नमस्कार.

2025च्या जानेवारीत राज्य सरकारने शाळकरी मुलांच्या मोबाइल वापराबद्दल मार्गदर्शक सूचना काढायचं जाहीर केलं, तेव्हापासून इथल्या पालकसभांत एकच सूर ऐकू येतो: फोन काढून घ्या. मी बडोद्यात नववी-दहावीला सामाजिक विज्ञान शिकवते. प्राथमिकच्या वर्गात फोन नसावा, याबद्दल माझं दुमत नाही. हे पत्र त्यापुढच्या, चौदा ते वीस वयाच्या मुलांबद्दल आहे. त्यांच्याबद्दलची जी तक्रार आपल्यापर्यंत पोहोचते, ती बरीच जुनी झाली आहे. गुजराती प्रत आपल्या कार्यालयात पाठवतेच आहे. ही मराठी प्रत इथल्या आमच्या लोकांनीही वाचावी म्हणून.

ही मुलं दिवसभर स्वतःचे फोटो टाकतात आणि लाइक मोजत बसतात, असा समज आहे. तसं करणारे आता बहुतेक आम्ही पन्नाशीतले. मुलांचं उघडं खातं पाहिलंत तर दोन-चार जुने फोटो दिसतील. खरं खातं वेगळं असतं, कुलूपबंद, मोजक्या मित्रांपुरतं. त्यात मावशी-काका नाहीत, मी तर नाहीच. बोर्डाची परीक्षा आली की कित्येक जण कुणी न सांगता अॅप काढून टाकतात आणि शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी परत घालतात. आमच्या पिढीला टीव्हीच्या बाबतीत एवढं जमल्याचं मला आठवत नाही.

नवरात्रात मात्र सगळं उघड्यावर येतं. युनेस्कोने 2023च्या डिसेंबरात गरब्याला वारशाच्या यादीत घेतलं. आमच्या मुली त्याच्या स्टेप श्रावणापासूनच रील बघून गच्चीवर बसवत असतात. गणपतीच्या आगमन यात्रेतही मूर्तीपुढे जोडलेल्या हातांपेक्षा फोन धरलेले हात जास्त. मला ते आवडत नाही, पण माझ्या आवडीचा इथे प्रश्न नाही. सण संपला की तीच खाती पुन्हा गप्प होतात.

आणखी एक गोष्ट गांधीनगरात आपल्याला बहुधा कुणी सांगणार नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतली बरीच मुलं गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, ती बडोद्याची, वाक्यात दोन शब्द गुजराती. पुण्याची चुलत भावंडं हसली की ही मुलं हिंदीवर यायची. आता ती कोल्हापूर-नागपूरच्या पोरांचे विनोदी व्हिडिओ बघतात, मराठी रॅप पाठ करतात, आणि एखादा शब्द अडला की आजीला विचारतात. आमच्या मंडळांच्या व्याख्यानमालांना, जिथे सरासरी वय सत्तर असतं, हे कधी साधलं नाही. फोन काढून घेताना हेही हातातून जाईल.

बंदीने काय होतं ते आपण पाहिलं आहे. 29 जून 2020 रोजी टिकटॉकसह 59 अॅप बंद झाली. जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणली, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स. गर्दी एका मैदानातून उठून दुसऱ्यात गेली, तिकीट विकणारा तेवढा बदलला.

कायदा आपल्याकडे आहे. 2023चा डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो, पालकांची पडताळलेली संमती मागतो आणि मुलांच्या मागावर राहून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई करतो. नियम 2025च्या नोव्हेंबरात आले, मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत मिळाली. संमतीच्या कलमाचं मला हसू येतं. आजोबांचं यूपीआय, बाबांचं आधार, आईचा ओटीपी हे सगळं ज्या घरात नववीतली मुलगी सांभाळते, तिथे पालकांची संमती कोण देणार? 2025च्या फेब्रुवारीत इन्स्टाग्रामची किशोरांसाठीची खाती भारतात आली, तोवर माझ्या वर्गातली मुलं खोटं जन्मसाल घालून केव्हाच मोठी होऊन बसली होती.

जाहिरातींची मनाई मात्र खरी कामाची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्यांना खाती बंद केली. ती बंदी टिकेल का, याची मला शंका आहे. पण तिथे दंड कंपनीला आहे, 4.95 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला किंवा आईबापाला एक पैसाही नाही. आपल्याकडे सुरुवात दप्तर तपासण्यापासून होते. विषय दिल्लीचा आहे हे मला कळतं. तरी आमच्या राज्यातल्या मुलांना काय आणि कशाच्या आधारे दाखवता, असं आपल्या खात्याने या कंपन्यांना लेखी विचारायला काय हरकत आहे?

या शहरात वेगळा विचार एकदा झालेला आहे. 1906 साली सर्व बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणाऱ्या सयाजीरावांनी 1910मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. पेट्यांतून गावोगाव फिरती ग्रंथालयं गेली. त्याच ग्रंथालय खात्याची एक शाखा मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं पडद्यावर दाखवणारा दिवा) आणि सिनेमा घेऊन खेड्यांत जायची. सिनेमाने मुलं बिघडतात असं म्हणणारे तेव्हाही कमी नसतील. सरकारने मात्र प्रोजेक्टर स्वतःच्या हातात घेतला.

मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय आजही उभं आहे. त्यातली एक खोली संध्याकाळी सहा ते नऊ याच वयाच्या मुलांना द्या. वायफाय असू दे, बोलायला परवानगी असू दे, व्हिडिओ करायचा असेल तर जुनी पुस्तकं आणि नकाशे हाताळू द्या. या मुलांना चार जणांत, मोठ्यांच्या नजरेआड बसायचं असतं, आणि कॅफेत शंभर-दीडशे रुपये मोजल्याशिवाय ते कुठे जमत नाही. शाळेत नववीला एक धडा घाला: रील फुकट कशी मिळते, तिचे पैसे कोण देतं, पुढची रील कोण ठरवतं. नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत शिकवतो, तसाच हा कारभारही शिकवता येईल.

सूचना ठरवायला समिती नेमाल, तेव्हा तिच्यात चार विद्यार्थी घ्या. स्वतःची खाती ते आपल्याला दाखवणार नाहीत, एवढं आधीच धरून चाला.

आपली विश्वासू,
दांडिया बाजार, बडोदे येथील एक शिक्षिका