मुठीतलं इंजेक्शन

डॉक्टर ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही तुम्हाला आठवणार नाही कदाचित. २०११ साली दर शुक्रवारी पहाटेच्या एसटीने येणारे माळकरी अण्णा, आणि मागे बर्फाचा थर्मास सांभाळत त्यांची मुलगी. ती मी.

परवा शेजारच्या काकूंचा हेपॅटायटिस सीचा कोर्स संपला. बारा आठवडे नुसत्या गोळ्या, एकही सुई नाही. त्या पेढे घेऊन आल्या, तर अण्णांनी कपाटातून तुमचा केसपेपर काढून त्यांच्यापुढे धरला. बोलता येईना त्यांना. म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी दोन वर्षं ज्यांच्याकडे खेटे घातले, त्यांनी रक्ताच्या तपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाल्याची खूण, वाढलेलं पाहून पहिलाच प्रश्न केला होता, "रोज किती घेता?" गळ्यात तुळशीची माळ दिसत असताना! पुढे प्रत्येक वेळी तेच, दारू सोडा. रक्त कधी चढवलं होतं का, हे विचारलंत ते फक्त तुम्ही. १९८६ च्या अपघातात दोन बाटल्या चढवल्या होत्या, आणि हा हेपॅटायटिस सीचा विषाणू सापडलाच मुळी १९८९ मध्ये, मग तेव्हा रक्त तपासणार कसं? बाहेर बाकावर बसून अण्णा एवढंच म्हणाले, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं."

त्या केसपेपरच्या मागे तुम्ही काढलेलं घर अजून आहे. हे घर म्हणजे यकृताची पेशी. चोर शिरला की घरातली घंटा वाजते, म्हणजे इंटरफेरॉन नावाचं इशाऱ्याचं प्रथिन सुटतं आणि शेजारची घरं कड्या लावून घेतात. हा चोर मात्र आत येऊन आधी घंटेची तारच कापतो. म्हणून बाहेरून इंटरफेरॉन टोचायचं. आणि यकृत निबर होतं ते बरंचसं आपल्याच शरीरातल्या रोगाशी लढणाऱ्या शिपायांच्या वर्षानुवर्षांच्या झटापटीत. सातवी शिकलेल्या अण्णांना हे कळलं. संध्याकाळी हुडहुडी भरली, अंग मोडून आलं की घोंगडीतून सांगायचे, "घंटा वाजतेय." फ्लूमध्ये अंग दुखतं तेही बरंचसं याच इंटरफेरॉनमुळे, हे तुम्हीच सांगितलेलं.

चोवीस शुक्रवार. केस गळले, प्लेटलेट उतरल्या, मधे तर अण्णा कुणाशी बोलेनासेच झाले. ते सगळं आता पुसट झालंय. लख्ख आठवतं ते एकच. थर्मासमधून काढलेलं गारठलेलं इंजेक्शन तुम्ही लगेच टोचायचा नाहीत. दोन्ही मुठींत धरून बसायचात. बाहेर रांग दारापर्यंत, शिपाई दोनदा डोकावून गेलेला, आणि तुम्ही अण्णांना पेरणीचं विचारताय. "गार औषध झोंबतं हो," म्हणायचात. कुठल्या नियमात बसत होतं ते? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही, तेव्हा तुमची बदली झाली होती. सांगायचं राहूनच गेलं. अण्णा आता शहात्तर वर्षांचे आहेत आणि यंदाही वारीला निघालेत.

पत्रात काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाले, "पोरीचे हात गारठायचे गं. पुसायला रुमाल द्यावा, हेसुद्धा सुचलं नाही मला."

तुमची,
थर्मासवाली