आबा, कात्री कुठे लावायची ते तुम्ही दाखवलंत

आबा,

रामराम. कानबाई देवीच्या सणाची, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), जात्यावरची अहिराणी गाणी आम्ही मंडळी रेकॉर्ड करतो आणि ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये साफ करतो. ती साफसफाई तुम्ही शिकवलीत. आभार चारचौघांत मानायचे होतेच. शिवाय तुमचं सांगणं खान्देशात हे काम करणाऱ्या बाकीच्यांच्याही कामी यावं, म्हणून जरा तपशिलानं लिहितोय.

कापल्याजागी ‘टक्’ वाजतं, त्याचं कारण तुम्ही स्क्रीनवरची आवाजाची लाट मोठी करून दाखवलंत. आपल्या रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची सुटी मापं, असतात. कंट्रोल धरून १ दाबत गेलं की शेवटी लाट सुटून एकेक ठिपका दिसू लागतो. मधल्या रेषेच्या वरचा ठिपका खालच्या ठिपक्याला जोडला, की स्पीकरचा पडदा एकदम उडी मारतो, तेच ते टक्. म्हणून निवड करून झेड दाबायचं. दोन्ही टोकं जवळच्या शून्यावर, म्हणजे लाट मधली रेषा ओलांडते तिथं, सरकतात. लाट दोन्ही टोकांना एकाच दिशेनं जातेय ना, तेवढं डोळ्यांनी बघून घ्यायचं. सगळी लाटच मधल्या रेषेपासून वर किंवा खाली सरकलेली असेल, तर आधी नॉर्मलाइझ या इफेक्टमधून ती सरक (डीसी ऑफसेट) काढायची, नाहीतर शून्य सापडलं तरी ते खरं शून्य नसतं. एखादाच काटा (क्षणभराची टोकदार उसळी) असेल तर रिपेअर हा इफेक्ट पुरतो, पण तो १२८ नमुन्यांपर्यंतच चालतो, म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंद.

सर्वांत मोलाचं सांगितलंत ते हे, की लाट जोर दाखवते, अक्षर दाखवत नाही. ‘आठे शे’ (इथं आहे) म्हटलं की ‘आ’ जाडजूड दिसतो आणि ‘श’ केसासारखा बारीक. शांतता समजून तिथं कात्री लावली की उरतं ‘आठे ए’. ‘ग’, ‘भ’च्या आधीही एक बारीक घुमारा असतो, तोही असाच छाटला जातो. अशा वेळी उभी मोजपट्टी डेसिबलवर न्यायची किंवा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या वारंवारितांचा नकाशा, उघडायचा. ‘श’ तिथं वरच्या पट्ट्यात ढगासारखा पसरलेला स्पष्ट दिसतो.

जात्याची तर गंमतच. ओवीमागची घरघर फेऱ्याफेऱ्यानं चढते-उतरते. खोकला काढताना पुढच्या-मागच्या फेऱ्यातली सारखीच जागा धरून कापलं, तर कानाला कळत नाही; फेऱ्याच्या मध्येच कापलं तर जातं ठेचकाळतं. वर १०-२० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्यायचा, म्हणजे एक तुकडा विरत जाताना दुसरा चढत जातो. आणि जात्याच्या रेकॉर्डिंगवर नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणारा इफेक्ट) नकोच, हे तुमचं म्हणणं आता आमचंही. घरघर गोंगाट समजून खाल्ली जाते आणि बाईचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

पंख्याच्या खोलीत घेतलेल्या गाण्यात नको तो भाग सायलेन्स (पूर्ण निःशब्द) करू नये. पंखा मध्येच बंद पडल्यासारखं वाटतं. गाणं सुरू होण्याआधी खोलीचा नुसता आवाज १० सेकंद घेऊन ठेवायचा आणि त्याचा तुकडा तिथं बसवायचा. लांबी तेवढीच राहते, ताल चुकत नाही. विजेची गुणगुण ५० हर्ट्झवर, आणि तिच्या पटीत १००, १५० वर. तिथं अरुंद नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारिता गाळणारा) लावायचा, बास.

लाट वर-खाली सपाट छाटलेली दिसली, तर मात्र पुरता इलाज नाही. शो क्लिपिंग ही सोय चालू केली की अशा जागी तांबड्या रेघा दिसतात. म्हणून रेकॉर्ड करतानाच सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या (कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली) आसपास ठेवतो. मूळ डब्ल्यूएव्ही (न दाबलेल्या) फाइलला हात लावत नाही, काम नकलेवर करतो, एमपीथ्री अगदी शेवटी.

या श्रावणातली कानबाईची गाणी पेनड्राइव्हवर धाडतोय. ढोलकीच्या थापेवर दोन ठिकाणी जोड दिलाय, तो कुठे आहे ते मुद्दाम सांगत नाही. ऐकून तुम्हीच सांगा.

तुमची,
गाणी गोळा करणारी मंडळी, धुळे