दर्शनी भिंत म्हणजे घर नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उद्यानाकाठच्या जुन्या घरांवरचा लेख वाचला. हा विषय घेतल्याबद्दल आधी मनापासून आभार मानते. गेली ३१ वर्षे मी अशाच एका घरात राहते, आणि त्यातली बरीच वर्षे जुन्या घरांच्या दुरुस्तीवर देखरेख करणे हाच माझा व्यवसाय होता. लेखात कमानी आल्या, कोरीव कठडे आले, रंगीत फरशा आल्या, झाडांकडे उघडणाऱ्या खिडक्या आल्या. हे सगळे मलाही आवडते. पण शेवटी लेखकाने सल्ला दिला आहे की दर्शनी बाजू तेवढी राखावी आणि मागचे सगळे पाडून नवे करावे. तो वाचून गप्प बसवले नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या कामाच्या खोलीतली खिडकीच घ्या. तिच्या दोन झडपा वरखाली सरकतात. चौकटीच्या पोकळीत ओतीव लोखंडाची वजने दोरीला टांगलेली आहेत आणि दोरी पितळी कप्पीवरून गेली आहे. वजन आणि झडप यांचा तोल असा साधला आहे की दोन बोटांनी झडप वर जाते आणि सोडाल तिथे थांबते. उकाड्याच्या दिवसांत वरची झडप चार बोटे खाली घ्यायची, खालची चार बोटे वर उचलायची. छताशी कोंडलेली गरम हवा वरून निघून जाते आणि उद्यानाकडची गार हवा खालून आत येते. झाडे पानांवाटे पाणी हवेत सोडत असतात, त्यामुळे त्यांच्या सावलीतली हवा तापलेल्या रस्त्यापेक्षा थंड असते. ती खोलीत यावी आणि तापलेली हवा वर चढायला जागा मिळावी, हाही उंच छताचा एक उपयोग. छत केवळ दिमाखासाठी उंच नाही.

एकदा तिची दोरी तुटली. सुताराने चौकटीच्या बाजूची वीतभर फळी काढली, आतले वजन बाहेर घेतले, नवी दोरी ओवली, फळी परत बसवली. तासाभराचे काम. त्या फळीच्या आतल्या अंगाला कुणीतरी शिसपेन्सिलीने दोन आकडे लिहून ठेवले होते, डाव्या आणि उजव्या वजनाचे. पुढे कधीतरी ही खिडकी उघडून दुरुस्त करावी लागणार, हे ज्याने ती बनवली त्याने पहिल्याच दिवशी धरून चालले होते. मला या घरांची ओढ वाटते ती इथे. जे बिघडेल ते सुटे काढता येईल, असा विचार करून ती बांधलेली आहेत. आजकालची बंद चौकटीची खिडकी बिघडली की बहुधा अख्खी बदलावी लागते.

जाता जाता लेखातली एक चूक. जुन्या काचांमधून झाडे लाटांसारखी दिसतात, कारण काच वर्षानुवर्षे हळूहळू ओघळते, असे लेखात म्हटले आहे. तसे नाही. घरातल्या तापमानाला काच शतकानुशतके वाहत नाही. पूर्वी फुंकून काचेची लांब नळी करत, ती उभी चिरत आणि भट्टीत पुन्हा तापवून सपाट करत. लाटा तेव्हाच्याच आहेत. वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट काच करण्याची पद्धत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. म्हणून जुने तावदान फुटले की जोडीला तसेच दुसरे सहज मिळत नाही. ते जपावे.

आता भिंतीविषयी, कारण ‘मागचे पाडा’ म्हणणाऱ्यांना जुनी भिंत म्हणजे ओल आणि पोपडे एवढेच दिसते. बहुतेक जुन्या घरांच्या विटा चुन्यात रचलेल्या असतात. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून वाळूत मिसळतात, आणि भिंतीत बसल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत तो पुन्हा दगड होतो. हा दगड मात्र मऊ आणि सच्छिद्र. ओल आत जाते तशी बाहेरही पडते, बारीक भेगा पाण्यात विरघळलेल्या चुन्याने आपोआप भरून निघतात, आणि घर थोडेफार हलले तर विटेऐवजी विटांमधली चुन्याची दरज झीज सोसते.

हे सगळे माहीत असूनही मी स्वतः फसले. १५ वर्षांपूर्वी माझे आजारपण चालू असताना एका ठेकेदाराने उद्यानाकडच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला आणि वर प्लॅस्टिक पेंट मारला. दिसायला भिंत आरशासारखी. दोन पावसाळ्यांत जोत्यापासून कमरेइतकी ओल चढली, रंगाला फोड आले, क्षार फुलले. एका जुन्या गवंड्याने छिन्नीने गिलाव्याचा एक तुकडा उडवला तर मागच्या विटेचा पृष्ठभाग त्याला चिकटून सुटून आला. तो म्हणाला, “ताई, भिंतीचं तोंड बंद केलंत. पाणी जाणार कुठे?” सगळे सिमेंट काढले, भिंत कित्येक महिने उघडी ठेवून सुकवली, मग चुन्याचे तीन थर दिले. आजवर ओल परतलेली नाही. घर जुने झाले म्हणून ओल आली, असे त्या दोन वर्षांत येणारा प्रत्येक जण मला सांगत होता.

उद्यान आणि ही घरे यांचे नाते नुसते शेजाराचे नाही. लंडनमध्ये वास्तुविशारद जॉन नॅशने १८११ मध्ये रीजंट्स पार्कचा आराखडा केला तेव्हा बाग आणि घरे एकत्रच आखली होती. घरांचे उत्पन्न राजघराण्याच्या मालमत्तेला मिळायचे होते, आणि सर्वसामान्यांना बागेच्या काही भागात प्रवेश मिळायला १८३५ उजाडले. इंग्लंडमधल्याच बर्कनहेड या गावाचे चित्र वेगळे. तिथले उद्यान सार्वजनिक पैशातून झाले, १८४७ मध्ये खुले झाले, आणि त्याचा खर्च भरून काढायला कडेचे भूखंड घरांसाठी विकले गेले. ते पाहून गेलेल्या फ्रेडरिक ओल्मस्टेड या अमेरिकन उद्यानरचनाकाराने पुढे वास्तुविशारद कॅल्व्हर्ट वॉक्ससोबत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला. घराची किंमत बागेमुळे आणि बागेचा खर्च घरांमुळे, अशी ही बांधणी आहे. म्हणूनच अशा घरांतले लोक बागेत येणाऱ्या गर्दीविषयी कुरकुर करतात तेव्हा मला वाईट वाटते.

आणि दर्शनी भिंत राखून मागे नवी इमारत उभी केली की काय होते, हे बागेतूनच दिसते. नव्या मजल्यांची उंची कमी असते. जुन्या उंच खिडकीच्या मधोमध नवा स्लॅब येतो. संध्याकाळी दिवे लागले की एकाच खिडकीच्या वरच्या अर्ध्यात एका घराचा पंखा दिसतो आणि खालच्या अर्ध्यात दुसऱ्या घराचा दिवा. मग ती खिडकी उघडतही नाही. हवा नाही, तोल नाही, वजने भंगारात. याला जतन म्हणणे मला मान्य नाही.

बदल करूच नयेत, असे मी म्हणत नाही. वायरिंग नवे हवेच, न्हाणीघर सोयीचे हवे, वयस्क माणसांना जिना जड जात असेल तर त्याचीही सोय हवी. जुन्या रंगाच्या थरांत शिसे असू शकते, तेव्हा तो कोरडा घासू नये आणि लहान मुलांना त्या धुळीपासून दूर ठेवावे. पण पाडापाडीचा हिशेब करताना एवढे लक्षात असावे की जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनातला सुमारे ८ टक्के वाटा सिमेंटचा आहे, आणि उभ्या भिंतीतल्या विटा केव्हाच भाजून झालेल्या आहेत.

लंडनमध्ये १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था निघाली. तिच्या जाहीरनाम्यात रोजच्या देखभालीने पडझड रोखण्यावर भर होता. बागेकाठी ही देखभाल म्हणजे मुख्यतः पाने. पन्हळीत पाने साचतात, पाणी उलटते, भिंत भिजते, तुळईचे टोक कुजते. त्यासाठी लागते एक शिडी आणि अर्धा दिवस.

माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत घरांच्या छायाचित्रांशेजारी चुन्यात काम करणाऱ्या एखाद्या गवंड्याला आणि खिडक्या दुरुस्त करणाऱ्या सुताराला जागा द्यावी. घर घ्यायला निघालेल्यांना त्यांनी सांगावे, की समोरून फोटो काढून झाला की मागच्या बाजूला जा, पन्हळ बघा, जोत्याजवळ हात लावून ओल बघा, आणि एक तरी खिडकी स्वतः उघडून बघा.

आपली,
एक नियमित वाचक