राजहंसाचं पीस सरळ करणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचा पंचा इथेच राहिलाय. तो परत करायच्या निमित्ताने चार ओळी लिहायला घेतल्या, मग वाटलं की हे उघडच लिहावं. साप येत नाहीत म्हणून, नाहीतर अंगणाला शोभा म्हणून राजहंस आणणारी घरं पुष्कळ आहेत. तो अंगावर यायला लागला की काय करायचं, हे सांगणारं माणूस मात्र शोधून सापडत नाही.

आमचा नर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगावर धावू लागला, तेव्हा तुमच्याआधी सल्ले कमी मिळाले नव्हते. एकाने फोनवरच निकाल लावला, ‘कापा, रस्सा चांगला होतो.’ दुसरा म्हणाला, चोचीचं टोक तासून टाका. त्या चोचीच्या टोकाला किती संवेदना असते याचा त्याला पत्ताच नसावा. चिखलातला दाणा राजहंस डोळ्यांनी नाही, चोचीने ओळखतो. एका दवाखान्यात तर ‘आम्ही गाई-म्हशी बघतो’ एवढ्यावर बोळवण झाली. पक्षी बघायला आले ते एकटे तुम्हीच.

आल्याआल्या तुम्ही आमच्या हातातली केरसुणी काढून भिंतीला टेकवलीत. फटका बसला की नर आणखी चवताळतो, दगड मारला की माणूस म्हणजे शत्रू हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं, आणि पाइपने पाणी मारलं तर हा पाणपक्षी उलट खूश होतो, असं तुम्ही म्हणालात. हे शेवटचं ऐकून हसू आलं, पण खरं होतं. मग पंचा खांद्यावर टाकून नुसते उभे राहिलात. मान जमिनीला समांतर ताणलेली, मानेची पिसं थरथरताहेत, फुत्कार चालू, म्हणजे आता धाव येणार, हे तुम्ही बोट दाखवून सांगत होतात. तेव्हा मागे सरकायचं नाही आणि पाठ तर मुळीच फिरवायची नाही. हात फैलावून एक पाऊल त्याच्याच दिशेने टाकायचं. माणूस एकदा पळाला की नर जिंकला, आणि जिंकलेला नर दुसऱ्या दिवशी दहा पावलं आधीच धावतो. दूधवाला, गॅसवाला, पोस्टमन सगळे पळतच होते. त्याची तालीम आम्हीच घेत होतो म्हणायचं.

पकडायची रीत तुम्ही तीनदा दाखवलीत. एका हाताने मान डोक्याच्या जरा खाली धरायची, घट्ट पण गळा न आवळता. दुसरा हात पाठीवरून घालून दोन्ही पंख अंगाशी दाबायचे. खरा मार चोचीचा नसतोच. चोच चिमटा घेऊन पीळ देते, काळंनिळं होतं, एवढंच. पंखाच्या सांध्याशी जो हाडाचा गड्डा असतो त्याचा फटका मात्र लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला आडवं करू शकतो. म्हणून आधी पंख, मग बाकीचं. नुसत्या मानेने किंवा पायांनी कधीच उचलायचं नाही. पाच किलोचं धूड त्या बारीक पायांवर लोंबकळलं की सांधा निखळतो. मग काखेत घ्यायचं, डोकं आपल्या पाठीकडे. शेपटी पुढे येते, आणि घाबरलेला राजहंस काय करतो हे तुमच्या धोतराने पाहिलंच.

पाच ते दहा मिनिटं तसंच धरायचं. मान सैल पडली, फुत्कार थांबला की खाली ठेवायचं. धडपड चालू असताना सोडलं तर धडपडलं की सुटका होते, एवढंच तो शिकतो. चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला तर मात्र लगेच सोडायचं, म्हणूनच हे काम उन्हाआधी, सकाळी. खाली ठेवल्यावर आपण उभंच राहायचं, आधी तो निघून जाईल. वळून परत आला तर पुन्हा काखेत.

आणि याच्या मध्येच ते घडलं. नर शांत होऊन तुमच्या काखेत होता. तुमच्या मनगटावर त्याच्या चोचीचा वळ उमटला होता. खाली ठेवण्याआधी तुम्ही पंचा अलगद सोडवलात आणि त्याच्या उजव्या पंखातलं दुमडलेलं एक लांब पीस बोटाने सरळ केलंत. बाहेर निघालेल्या पोराची कॉलर नीट करावी तसं. कुणी बघतंय म्हणून केलं नव्हतं. तुम्ही त्या वेळी बोलतही नव्हतात.

चोच तास म्हणणाऱ्यांना पीस दुमडलेलं दिसलंच नसतं. माणसाची पारख करायची तर त्याला चावणारं जनावर द्यावं हातात. पोटापाण्यासाठी जनावरं सांभाळणारी तुमच्यासारखी माणसं गावोगाव आहेत आणि त्यांना कुणी विचारत नाही, ही आपली रीतच झाली आहे. असो.

खरं कारण तुम्ही जाताजाता सांगितलंत, तेही दोष न देता. एक दिवसाचं पिल्लू एकटं आणलं, मांडीवर वाढवलं. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलताना दिसेल तेच आपलं, असं ही जात धरून चालते. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1935 मध्ये राखी हंसांवर हेच मांडलं. पुढे 1973 मध्ये त्याला नोबेलही मिळालं. लोरेन्झचं नाव तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, पण तुमचं वाक्य तेच होतं : ‘तो स्वतःला माणूस समजतो, म्हणून माणसांशी भांडतो.’ वर्षाचा होत आला, अंगात विणीचा जोर आला, की असा नर घरच्यांनाच प्रतिस्पर्धी मानतो. गाडीच्या चकचकीत दारातल्या स्वतःच्या प्रतिबिंबालाही तो टोचत होता. तिथे गोणपाट टाकायला तुम्हीच सांगितलंत.

आता चार माद्या आहेत. तुम्ही म्हणालात तसं एका नराला एवढ्या हव्यातच, त्याला घर मिळालं की तो माणसांच्या वाटेला कमी जातो. दाणा हातावर देणं बंद केलं, कणी-कोंडा पसरट भांड्यात. पाण्याची बादली फाटकापासून लांब नेली, डोकं पूर्ण बुडेल एवढी खोल, कारण डोळे आणि नाकपुड्या त्याला तिथेच धुवायच्या असतात. वाटेवर बादली म्हणजे वाट त्याचीच, हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

एक मादी अंड्यांवर बसली आहे. तुम्ही बजावलंत तसं हे साधारण तीस दिवस आणि पिल्लं लहान आहेत तोवर नराला काखेत घेणं बंद. तेव्हाचं अंगावर येणं हे त्याचं कामच आहे. तीन फुटी जाळीने तो कोपरा तोडलाय, मुलांना तिकडे मज्जाव. मुलांचे डोळे नेमके त्याच्या चोचीच्या उंचीला येतात, हे तुमचं वाक्य दारावर खडूने लिहून ठेवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी फाटकाशी छत्री टांगली आहे. फट्‌दिशी उघडली की नर थबकतो, मारावं लागत नाही. परवा पोस्टमनला चिमटा बसला, पण तो पळाला नाही. जखम साबणाच्या पाण्याने धुतली, डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पक्ष्यामुळे रेबीज होत नाही हेही त्याला सांगितलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

पंचा दोनदा धुतलाय. पुढचा डाग निघाला नाही. पिल्लं बाहेर आली की कळवतो, तेव्हा येऊन घेऊन जा. आणि या वेळी चहा पुरा प्यायचा.

आपले,
फणसाखालच्या घरातले सगळे