दिवाळीआधीचं पत्र: साय, तूप, बेरी आणि नानकटाई

कोथरूड, पुणे

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा नानकटाईच्या कृतीचा कागदही मिळाला. उत्तराला उशीर झाला, कारण कृती करून बघितल्याशिवाय नुसतं ‘छान आहे गं’ लिहिणं मला पटत नाही. आता करून झाली, घरातल्यांनी खाऊन झाली, तेव्हा सविस्तर लिहिते.

तुझ्या कागदावर ‘दोन वाट्या मैदा, वाटीभर तूप, वाटीभर पिठीसाखर, मावेल तेवढं बेसन’ असं आहे. चव उत्तम आली, त्याबद्दल शंकाच नको. पण सुनंदा, वाटी कुठली? माझ्याकडची आमटीची वाटी मी काट्यावर ठेवली. चाळलेला मैदा चमच्याने सैल भरला तर ९० ग्रॅम बसतो आणि तीच वाटी पिठाच्या डब्यात खुपसून दाबून भरली तर १२० ग्रॅम. दोन वाट्यांमागे ६० ग्रॅमचा फरक म्हणजे नानकटाई विरघळणारी होणार की दगडासारखी, ते त्यातच ठरलं. म्हणून तुझी कृती मी वजनात बसवली. मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा ३० ग्रॅम, साजूक तूप १६० ग्रॅम, पिठीसाखर १४० ग्रॅम, खायचा सोडा पाव चमचा, मिठाची चिमूट, वेलदोडा आणि किंचित जायफळ. २० ग्रॅमचा एक गोळा धरला तर साधारण २८ होतात. तुझ्या कागदावर मीठ नाहीये, पण ते घालच. गोड चव त्याने उठून येते.

सगळी मेख तुपात आहे. मी मुद्दाम एकाच पिठाचे तीन भाग केले. एकात तूप वितळवून घातलं, दुसऱ्यात थिजलेलं रवाळ तूप तसंच मिसळलं, तिसऱ्यात तेच थिजलेलं तूप आधी ताटात तळहाताने फेसून घेतलं. वितळलेल्या तुपाचे गोळे ताटात पसरले आणि कडा करपल्या. दुसरे आकाराला बरे होते, पण आतून दडस. फेसलेल्या तुपाचे मात्र वरून छान तडकले आणि जिभेवर ठेवल्याबरोबर विरघळले. फेसताना तुपात हवा अडकते आणि भाजताना तीच फुगते, म्हणून हा फरक. तूप पिवळट रंग सोडून पांढरंशुभ्र, हलकं दिसेपर्यंत फेसायचं, मग साखर घालून पुन्हा फेसायचं, आणि पीठ सगळ्यात शेवटी चाळून घालायचं. पीठ पडल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. तुमच्या म्हापशाच्या हवेत तूप थिजतच नाही, हे मला ठाऊक आहे. ते अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव आणि वळलेले गोळेही भाजायच्या आधी १५ मिनिटं गार कर.

खर्च कमी करायला काय काय बदलता येईल, असं तू विचारलं होतंस. मैद्याचा पाव हिस्सा काढून कणीक घातली तर कुणाला कळतही नाही, उलट खमंगपणा वाढतो. अर्धा मैदा बदलला की मात्र गोळे वळताना फुटतात आणि खाताना कोंडा जाणवतो. बेसन थोडं वाढवलं तरी चालतं. तेल घालून करू नकोस. तेल असं फेसलं जात नाही, आणि साजूक तुपाचा वास कशानेच येत नाही. हात आखडता घ्यायचाच असेल तर संख्येत घे, तुपात नको.

तुझ्याकडे ओव्हन नाही, त्याची काळजी करू नकोस. जुना ॲल्युमिनियमचा कुकर असेल तर रबर आणि शिट्टी काढून टाक, तळाला दोन बोटं जाड मीठ पसर, त्यावर स्टँड ठेव आणि झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटं तापू दे. पाण्याचा थेंबही नको. मग तूप लावलेल्या ताटलीत गोळे लांब लांब ठेवून मंद आचेवर २२ ते २५ मिनिटं. मिठामुळे ज्योतीचा झोत थेट ताटलीला लागत नाही आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरते. तेच मीठ डब्यात भरून पुढच्या वेळेला वापरायचं, स्वयंपाकात नाही. ओव्हनमध्ये १६५ अंशांवर १८ मिनिटं पुरतात. बाहेर काढल्यावर मऊ लागतात म्हणून पुन्हा आत ढकलायच्या नाहीत, गार होताना त्या आपोआप घट्ट होतात.

आपल्या आया दिवाळीआधी मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायच्या आणि किलोमागे मजुरी देऊन भट्टीत नानकटाई भाजून आणायच्या, आठवतं? पत्र्याच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी असायची. एकदा तापलेल्या भट्टीत साऱ्या गल्लीचं भाजून व्हायचं, ही त्यातली खरी काटकसर. घरच्या ओव्हनलाही मी तोच नियम लावते. माझा १,५०० वॅटचा आहे, म्हणजे तो ४० मिनिटं सलग चालला की एक युनिट. तेव्हा एकट्या नानकटाईसाठी तो तापवत नाही. शेवटचा ट्रे बाहेर आला की बटण बंद करायचं आणि उरलेल्या धगीत चिवड्याचे पातळ पोहे पसरून ठेवायचे. दार लावून अर्ध्या तासाने बघ, चुरचुरीत झालेले असतात आणि कढईत हलवताना जो चुरा पडतो तो पडत नाही. पोहे निघाले की शिळे पाव. ते सुकले की कटलेटसाठी चुरा तयार.

आता तूप कुठून आणायचं, हा तुझा मुख्य प्रश्न. विकत नको आणूस. तुझ्याकडे रोज लिटरभर म्हशीचं दूध येतं ना? दूध तापवून पूर्ण गार झालं की फ्रीजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी जाड साय काढ. साय साठवतानाच त्यात चमचाभर दही घालून ठेव, म्हणजे ती कडवट होत नाही. आठवड्याने घुसळ. माझ्याकडे आठवड्याला पाव किलोच्या आसपास तूप निघतं, म्हणजे वर लिहिलेल्या नानकटाया भागवून वरणभातालाही उरतं. नवरात्र संपलं की मी दिवाळीचं तूप वेगळ्या बरणीत घालायला लागते.

आणि लोणी काढल्यावर राहिलेलं ताक! दिवाळीच्या महिन्यात फराळाला पैसे लागतात, तेव्हा रात्रीचं जेवण आमच्याकडे या ताकावर निघतं. उकड करत जा. एक वाटी तांदळाचं पीठ, दीड वाटी आंबट ताक, दीड वाटी पाणी, मीठ, सगळं गुठळी न राहता कालवून घ्यायचं. तेलाच्या फोडणीत मोहरी, हिंग, हळद, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता. त्यात हे कालवण ओतून हलवत राहायचं. आधी पातळ असतं, मग एकदम आळतं, आणि कडा सोडून चकाकायला लागलं की झाकण ठेवून दोन वाफा. (इथे वाटीने चालतं बरं का, कारण पीठ आणि ताक एकाच वाटीने मोजलं की पुरे, उकड कमीजास्त सांभाळून घेते.) ताटात वाढल्यावर वर कच्चं तेल. चार माणसं पोटभर जेवतात.

तूप कढवून झालं की तळाशी बेरी राहते. ती कामवाल्या बाईंनी भांड्यासकट घासून टाकली की माझा जीव हळहळतो. दुधातला खमंग भाजलेला भाग तो, आणि त्यात तूपही भरपूर अडकलेलं असतं. यंदा मी बेरीच्या केकचं प्रमाण बसवलं. बारीक रवा १५० ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, बेरी १०० ग्रॅम, चिरलेला गूळ १२० ग्रॅम, लोण्याचंच आंबट ताक २०० मिलिलिटर, बेकिंग पावडर एक चमचा, सोडा अर्धा चमचा. बेरी आणि गूळ ताकात मिक्सरवर फिरवून घे, रवा त्यात अर्धा तास भिजू दे, मग कणीक, आणि सोडा अगदी शेवटी, कारण ताकाचा आंबटपणा लागला की तो लगेच फसफसतो आणि थांबलं तर केक बसतो. वेगळं तूप घालायचं नाही. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, कुकरमध्ये मंद आचेवर पाऊण तास. मधोमध सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. कापल्यावर आत बेरीचे तपकिरी ठिपके दिसतात आणि घरभर कढवलेल्या तुपाचा वास सुटतो. भाऊबीजेला मी हाच ठेवणार आहे.

हे सगळं इतकं लांबण लावून लिहिण्याचं कारण सांगते. आईची कृतींची वही माझ्याकडे आहे. तिच्यात अनारसे आहेत, चिरोटे आहेत, पाच प्रकारचे लाडू आहेत. उकड नाही, दोडक्याच्या शिरांची चटणी नाही, बेरीचं काहीच नाही. ते ती दर आठवड्याला करायची, पण ‘त्यात काय लिहायचं’ म्हणून लिहिलं नाही. सणाचं तेवढं लिहून ठेवायचं आणि ज्याच्यावर घर चाललं ते सोडून द्यायचं, हे मला मान्य नाही. काटकसरीच्या पदार्थालाही अनारशाइतकंच नीट मोजून, करून बघून लिहायला हवं. म्हणून मी आता दोन्ही एकाच वहीत लिहिते आहे, आणि तूही माझ्याबरोबर लिहावंस अशी फार इच्छा आहे. एक कृती तू पाठव, मी इथे करून बघते. माझी तू तिथल्या हवेत, तिथल्या पिठाने करून बघ. दोन्ही घरांत जमली तरच ती पक्की म्हणायची.

तुझ्या शेजारच्या बाई नाताळात रवा-नारळाचं बातीक, म्हणजे तुमच्या गोव्याचा केक, पाठवतात, असं तू मागे लिहिलं होतंस. त्यांना विचारून मला एवढं कळव: रवा आणि नारळाचं मिश्रण भाजण्याआधी रात्रभर मुरवतात की काही तासच? नारळ किती बारीक वाटतात? आणि अंडी किती, तेही वजनाला किती रवा धरून? आमच्याकडे सासूबाई अंडं खात नाहीत, तर त्यांच्यासाठी दह्यावर करून बघायचा माझा विचार आहे. पण आधी त्या शेजारणीच्या पद्धतीचं अस्सल व्हायला हवं, मगच बदल.

काकूंना नमस्कार सांग, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझी,
विजया

ता. क. नानकटाई पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, वाफ धरली की मऊ पडते. डब्याच्या तळाशी आणि दर थराला कागद घाल. आणि स्वयंपाकघरासाठी एक साधा वजनकाटा घेच, या दिवाळीला साडीऐवजी तो माग.